पोस्टमनच्या खिशातल्या किल्ल्या

आमचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ला झाला. त्याआधी आम्ही अकोला जिल्ह्यातले. मी तेव्हा नुकताच दहावीत गेलो होतो, आणि जिल्हा झाला म्हणजे नेमकं काय झालं हे मला कळलं ते पोस्टमनकाकांमुळे. झालं असं, की आमचे सगळे नातेवाईक पुढे कितीतरी वर्षं पत्रावर 'जि. अकोला' असंच लिहीत राहिले. एक लांबचे आजोबा तर 'बासीम' लिहायचे, इंग्रजांच्या कागदपत्रांत असायचं तसं. पिनकोड निम्म्या लोकांना आठवायचा नाही. तरीही पत्रं यायची. 'बालाजी मंदिराजवळ' एवढ्यावरसुद्धा यायची.

पत्ता वाचून घर शोधणं हे केवढं अवघड काम आहे, आणि ते करणाऱ्यावर आपण किती डोळे मिटून विश्वास टाकतो, हे मला बरंच पुढे, सॉफ्टवेअरच्या धंद्यात पडल्यावर कळलं. आजचा शनिवार त्या विषयाला. म्हणजे ई-मेलच्या पोस्टमनला. थोडा इतिहास आहे, थोडं तांत्रिक आहे (घाबरू नका, सोपं करून सांगतो), आणि शेवटी माझी स्वतःची एक चूक आहे. ती सांगायला पाच-सहा वर्षं लागली.

तर सुरुवात त्याच वर्षापासून, आमचा जिल्हा होण्याच्या सातेक आठवडे आधीपासून करू.

११ मे १९९८, बुद्धपौर्णिमा. पोखरणला तीन अणुचाचण्या झाल्या, १३ मे रोजी आणखी दोन. २८ आणि ३० मेला पाकिस्ताननेही चाचण्या केल्या. सगळं जग आपल्याकडे डोळे वटारून बघत होतं, आणि आपल्याकडे पेढे वाटले जात होते. आमच्याकडे पेरणीचे दिवस, तरी पारावर चर्चा अणुबॉम्बचीच. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत ट्रॉम्ब्याला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या, म्हणजे आपल्या बीएआरसीच्या, संगणकांत चोर शिरले.

चोर कोण? 'मिल्वर्म' नाव घेतलेली पोरं. अमेरिका, इंग्लंड, नेदरलँड्स आणि न्यूझीलंड अशा चार देशांत विखुरलेली, वयं साधारण पंधरा ते अठरा, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाची. एकमेकांची ओळख फक्त चॅटवरची. अणुचाचण्यांचा निषेध करायचा म्हणून ती शिरली. थेट गेली नाहीत, तर अमेरिकेतल्या नासाच्या आणि लष्कराच्या संगणकांवरून उड्या मारत गेली, म्हणजे माग लागला तर तिथलाच लागावा. शास्त्रज्ञांच्या ई-मेलचा सुमारे पाच एमबींचा गठ्ठा उचलला, दोन सर्व्हरवरची माहिती पुसली, आणि केंद्राच्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर अणुस्फोटाच्या ढगाचं चित्र व युद्धविरोधी मजकूर चिकटवून दिला. निदान त्यांनी तरी एवढा दावा केला.

केंद्राकडून आधी नकार आला, मग कबुली. गोपनीय काम या संगणकांवर नव्हतंच, गेलं ते किरकोळ, असं सांगण्यात आलं. ते खरंही असेल, कारण अणुबॉम्बची गणितं कोणी ई-मेलच्या सर्व्हरवर ठेवत नाही. पण त्या कबुलीत एक गोष्ट होती जी मला कॉलेजात असताना वाचली तेव्हापासून चिकटून बसली आहे. दार कुठलं होतं, तर 'सेंडमेल' नावाच्या टपालाच्या प्रोग्रॅममधलं. अधिकाऱ्यांचं म्हणणं असं, की सेंडमेलमधलं ते अगदी नेहमीचं भोक होतं, आणि नवी आवृत्ती उतरवून घ्यायचं राहून गेलं होतं.

नेहमीचं भोक. गंमत बघा, हे बचाव म्हणून सांगितलं गेलं. चोर फार हुशार होता असं म्हटलं असतं तर निदान समजलो असतो.

आता हे सेंडमेल म्हणजे काय, ते सांगतो.

१९७०च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन नावाचा विद्यार्थी होता. तेव्हा इंटरनेट असं एक नव्हतंच, वेगवेगळी जाळी होती आणि प्रत्येकाची पत्ता लिहायची तऱ्हा वेगळी. एका जाळ्यात आजच्यासारखा '@' असायचा. दुसऱ्यात वाटेतल्या सगळ्या यंत्रांची नावं उद्गारचिन्हं घालून लिहायची: अमका!तमका!फलाणा!माणूस. म्हणजे आपल्याकडे 'वाशिम स्टँडवर उतरा, तिथून रिसोडची एसटी, फाट्यावर विचारा' असं लिहितात तसंच. काही ठिकाणी तर दोन्ही तऱ्हा एकाच पत्त्यात. ऑलमनने आधी १९७९मध्ये 'डिलिव्हरमेल' लिहिला, आणि त्यातून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सेंडमेल तयार झाला. त्याचं मुख्य काम एकच, कसाही लिहिलेला पत्ता वाचायचा, पुढच्या जाळ्याला कळेल असा फिरवून लिहायचा आणि पत्र पुढे ढकलायचं. थोडक्यात, आमच्या त्या 'बासीम, जि. अकोला'वाल्या पत्राला घर शोधून देणारे पोस्टमनकाका.

हे काम इतकं गुंतागुंतीचं होतं की सेंडमेलची मांडणी कशी करायची यावरचं पुस्तक हजारावर पानांचं आहे. मुखपृष्ठावर वटवाघूळ. (आमच्या पिढीच्या सिस्टिम अॅडमिननी ते उशाला घेऊन रात्री काढल्यात.) आणि जिथे गुंतागुंत तिथे भोकं, हा आमच्या धंद्यातला जुना नियम.

पण भोक असणं वेगळं, आणि त्या भोकातून सगळं घर हाती लागणं वेगळं. इथे सेंडमेलची दुसरी गोष्ट येते. युनिक्समध्ये 'रूट' नावाचा एक सर्वाधिकारी वापरकर्ता असतो. तो काहीही वाचू शकतो, काहीही पुसू शकतो. ई-मेल येते पंचवीस नंबरच्या दारावर, म्हणजे पोर्टवर, आणि १०२४च्या खालचं कुठलंही दार उघडायला रूटचाच अधिकार लागतो. शिवाय आलेलं पत्र प्रत्येकाच्या खासगी पेटीत टाकायचं, म्हणजे प्रत्येकाच्या पेटीवर हक्क हवा. म्हणून सोय काय केली, तर सगळा सेंडमेलच रूट म्हणून चालवला. अनोळखी माणसाशी दारात बोलणारा तोच, पत्ता वाचणारा तोच, पेटीत पत्र टाकणाराही तोच. पोस्टमनला गावातल्या सगळ्या घरांच्या किल्ल्या देऊन ठेवल्यासारखं. आता पत्त्याच्या जागी काहीतरी विचित्र लिहून पोस्टमनला चकवता आलं, की किल्ल्या तुमच्या.

आणि हे कोणाला माहीत नव्हतं असंही नाही. बीएआरसीच्या दहा वर्षं आधी साऱ्या जगाने ते बघितलं होतं.

२ नोव्हेंबर १९८८च्या संध्याकाळी रॉबर्ट टॅपन मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने एक आपोआप पसरणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. हाच तो 'मॉरिस वर्म'. तेव्हा जाळ्यावर साठेक हजार संगणक असावेत असा अंदाज होता, त्यातले सहाएक हजार आडवे झाले असं म्हणतात. वर्मकडे आत शिरायच्या तीन-चार वाटा होत्या, त्यातली एक सेंडमेलमधली. सेंडमेलमध्ये चाचणीसाठी 'डीबग' नावाचा एक हुकूम ठेवलेला होता. तो दिला की, पत्र ज्याला पाठवायचं त्याच्या नावाऐवजी थेट संगणकाला द्यायची आज्ञा लिहिता यायची. पाकिटावर 'श्री. अमुक यांस' लिहिण्याऐवजी 'कपाट उघड' लिहा, पोस्टमन निमूटपणे उघडणार! चाचणीपुरती ठेवलेली ही सोय अनेक कंपन्यांनी विकलेल्या संगणकांवर तशीच चालू राहिली होती.

मॉरिसला १९९०मध्ये शिक्षा झाली: तीन वर्षं देखरेखीखाली, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड. (पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला. त्याचे वडील युनिक्समध्ये पासवर्ड लपवायची पद्धत तयार करणाऱ्यांपैकी. घरातच दोन्ही बाजू!) त्या प्रकरणानंतर त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात 'सर्ट' नावाचं केंद्र सुरू झालं. कुठे भोक सापडलं की सगळ्यांना कळवायचं, ठिगळ कुठे मिळेल ते सांगायचं, हे त्याचं काम. पुढच्या दहा वर्षांत सर्टच्या सूचनांमध्ये सेंडमेलचं नाव इतक्या वेळा आलं की तो एक विनोदच झाला.

मग १९९८मध्ये मुंबईला हे ठाऊक नव्हतं का? मुंबई म्हणजे काही आडगाव नव्हतं. उलट भारतात ई-मेल सुरू झाली तीच मुंबईत. अर्नेटचा प्रकल्प १९८६चा. जुहूचं एनसीएसटी (राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र) आणि पवईचं आयआयटी या दोघांत ई-मेल १९८७च्या सुमारास फिरू लागली. एनसीएसटीचे श्रीनिवासन रमणी यांचं नाव याच कामासाठी २०१४मध्ये 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्ये गेलं. तुमच्या-आमच्यासाठी व्हीएसएनएलने इंटरनेट उघडलं ते १५ ऑगस्ट १९९५ला. म्हणजे विद्या होती, माणसं होती, जाळं होतं. बीएआरसीतले लोक तर स्वतः समांतर महासंगणक बांधणारे. सेंडमेल फुकट मिळायचा, नवी आवृत्तीही फुकट.

आणि आकार किती? त्या वर्षीचा सेंडमेल दाबून बांधलेला असला की साधारण एक एमबीचा. एका फ्लॉपीत मावायचा. चोरीला गेलेला माल पाच एमबी, म्हणजे त्याला चार फ्लॉप्या लागल्या असत्या.

मी बरीच वर्षं ही गोष्ट मित्रांना सरकारी ढिलाईचा किस्सा म्हणून सांगत आलो. हशा हमखास. पण जसजशी नोकरीत वर्षं गेली तसतसं मला ते हसू टोचायला लागलं. कारण 'हे काम नेमकं कोणाचं होतं' असा प्रश्न स्वतःलाच विचारून बघितला. अणुभट्टीचा एखादा व्हॉल्व्ह बदलायचा असेल तर त्याची नोंदवही असते, सही करणारा असतो, त्याच्यावर तपासणारा असतो. टपालाचा सर्व्हर कोणीतरी हौसेने लावलेला असतो. लावताना त्याचं कौतुक होतं, चहा मिळतो. तो चालू ठेवण्याचं मात्र कौतुक नसतं, कारण चालू ठेवलं म्हणजे काय केलं, तर काहीच घडू दिलं नाही. ज्या दिवशी काही घडत नाही त्या दिवसाचा सत्कार कोण करणार?

असो. पुढे काय झालं ते बघू.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर १९९८मध्ये संगणकात घुसणं या गुन्ह्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नव्हता. माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला १७ ऑक्टोबर २०००ला. आपलं स्वतःचं सर्ट, म्हणजे 'सर्ट-इन', जानेवारी २००४मध्ये कामाला लागलं. एप्रिल २०२२मध्ये सर्ट-इनने नियम केला, की असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं. 'आधी नकार, मग कबुली' याला आता कागदोपत्री तरी जागा नाही.

सॉफ्टवेअरच्या बाजूने लोकांनी पोस्टमनच्या खिशातल्या किल्ल्या काढून घ्यायला सुरुवात केली. डॅनियल बर्नस्टीन या गणितज्ञाचा 'क्यूमेल' आणि वित्सा वेनेमाने आयबीएममध्ये असताना लिहिलेला 'पोस्टफिक्स' हे त्यातले दोन मोठे. क्यूमेल आधीचा, पोस्टफिक्स १९९८च्या डिसेंबरात बाहेर आला. कल्पना अगदी आपल्या पोस्टाचीच. खिडकीवर पत्र घेणारा वेगळा, पत्ते वाचून गठ्ठे लावणारा वेगळा, घरोघरी टाकणारा वेगळा. खिडकीवरच्याला कोणी चकवलं तरी त्याच्याकडे फक्त खिडकी, किल्ली एकही नाही. सेंडमेलनेही पुढे अधिकार वाटून दिले.

तरी भोकं संपली नाहीत. ३ मार्च २००३ला सेंडमेलमधलं मार्क डाउडने शोधलेलं एक भोक जाहीर झालं. ते होतं पत्ता वाचणाऱ्याच भागात. पत्त्यातली '<' आणि '>' ही चिन्हं मोजताना हिशोब चुकत होता, त्यामुळे नेमून दिलेल्या जागेबाहेर मजकूर सांडायचा, आणि तो मजकूर हल्लेखोराच्या मर्जीचा. वाईट भाग असा की धोका पत्रातच असल्यामुळे ते वाटेतल्या सुरक्षित सर्व्हरमधून बिनबोभाट पुढे जाई आणि आतल्या, भिंतीआड लपलेल्या जुन्या सेंडमेलमध्ये जाऊन फुटू शके. कुंपण मजबूत आहे म्हणून घराला कडी नको, असं म्हणून चालेना. आणि क्यूमेल? त्याच्यातलं २००५मध्ये दाखवून दिलेलं एक भोक प्रत्यक्षात वापरता येणार नाही म्हणून सोडून दिलं होतं. २०२०मध्ये क्वालिस कंपनीच्या लोकांनी ते वापरून दाखवलं.

आता माझी गोष्ट.

२००९च्या दिवाळीत मी पुण्याहून घरी आलो होतो. आमच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ओळखीची एक शिक्षणसंस्था आहे. त्यांना स्वतःच्या नावाची ई-मेल हवी होती. मी एका जुन्या संगणकावर डेबियन लिनक्स टाकून दोन दिवसांत सर्व्हर उभा केला. पैसे घेतले नाहीत. सत्कार झाला, शाल-नारळ मिळाला. २०१७च्या दिवाळीत तो संगणक बदलून नवी डेबियन टाकली. तिच्यासोबत 'एक्झिम' नावाचा टपालाचा प्रोग्रॅम येतो, केंब्रिज विद्यापीठात जन्मलेला. तोच ठेवला. त्या वेळी मी दोन गोष्टी केल्या. एक, अपडेट आपोआप घ्यायची सोय बंद ठेवली, कारण तिथलं इंटरनेट तोळामासा आणि मध्येच काही बंद पडलं तर बघायला कोणी नाही. दुसरी, आलेल्या पत्रावरचं नाव आपल्याकडे आहे का हे दारातच तपासणारी एक ओळ काढून टाकली. कुठेतरी वाचलं होतं, की त्या ओळीमुळे बाहेरच्यांना नावं अंदाजाने शोधता येतात. म्हणजे ही ओळ मी सुरक्षिततेसाठी काढली होती, हे लक्षात ठेवा.

५ जून २०१९ला क्वालिसने एक्झिममधलं एक भोक जाहीर केलं. पत्र ज्याला पाठवायचं त्याच्या नावाच्या जागी विशिष्ट प्रकारे आज्ञा लिहिली तर एक्झिम ती रूट म्हणून चालवत होता. 'श्री. अमुक यांस'च्या जागी 'कपाट उघड'! एकतीस वर्षांनी, पुन्हा पत्त्यातूनच. शोधणाऱ्यांनी त्याला सेंडमेलच्या एका जुन्या चोरवाटेची आठवण करून देणारं नाव दिलं होतं. साध्या, कंपनीने दिली तशा मांडणीत बाहेरून हा हल्ला करायचा तर सात दिवस जोडणी जिवंत धरून बसावं लागे. पण जिथे अॅडमिनने नाव तपासणारी ओळ स्वतः काढून टाकली असेल तिथे ते काम चुटकीसरशी होई, हे त्या निवेदनात स्पष्ट लिहिलं होतं. कारणासकट. वाचताना मला कोणी भर चौकात नाव घेऊन हाक मारल्यासारखं झालं. डेबियनचं ठिगळ त्याच दिवशी तयार होतं. एक आज्ञा टाइप करायची, दोन मिनिटांचं काम.

पण ते निवेदन मी वाचलं जूनच्या शेवटी. आधी फोन आला तो संस्थेच्या लेखनिककाकांचा. म्हणाले, "भाऊ, ते मशीन लय गरम होऊन राह्यलं. पंखा थांबतच नाही." बघितलं तर रूटच्या खात्यात कोणाची तरी परकी किल्ली बसवलेली, दर काही मिनिटांनी चालणारं एक अनोळखी काम, आणि संगणक रात्रंदिवस कोणासाठी तरी डिजिटल नाणी खणत बसलेला.

खणू दे हो नाणी, विजेचं बिल वाढलं एवढंच. खरी भीती वेगळी होती. त्या सर्व्हरवर मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज होते. जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, बँकेचे खातेक्रमांक, सगळं ई-मेलला जोडलेलं. कोणी ते वाचलं का? बहुधा नाही, नाणी खणणाऱ्यांना त्यात काय रस? पण ज्याच्या हातात रूट आहे तो काय करून गेला हे नंतर खात्रीने सांगता येत नाही, कारण नोंदीही त्याच्याच हातात असतात. 'गेलं ते किरकोळ' हे वाक्य माझ्याही जिभेवर आलं होतं. अगदी जिभेवर.

संस्थेतल्या एका वरिष्ठांचं म्हणणं पडलं, की यंत्र पुसा, नवं लावा, कशाला गवगवा करायचा, नाव खराब होतं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं ते ऐकून. माझंही नाव त्यात होतंच. अडले ते लेखनिककाका. त्यांच्याकडे आवक-जावक रजिस्टर. ई-मेल आली तरी ते तिची छापील प्रत काढून तारीख, नाव, विषय अशी नोंद घालायचे. आम्ही सगळे त्यावरून त्यांची चेष्टा करायचो. ते रजिस्टर उघडून ते एवढंच म्हणाले, "लेकरांचे कागद आपल्या दारात आले. आवक आपली हाय, मंग जावक बी आपलीच."

पुढे दोन शनिवार-रविवार आम्ही दोघांनी त्या रजिस्टरातली नावं बघून एकेका घरी फोन लावले. बँकेच्या खात्याकडे लक्ष ठेवा, कोणी ओटीपी मागितला तर देऊ नका, तुमचे कागद आमच्याकडून बाहेर गेले असण्याची शक्यता आहे. काही जण चिडले. एका मुलीच्या वडिलांनी विचारलं, "म्हंजे चूक कोनाची झाली?" काकांनी माझ्याकडे बघितलं. मी फोन घेतला आणि सांगितलं, की माझी.

फोन संपल्यावर काकांना म्हटलं, काका, मला हे वेळेवर कळायला हवं होतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुमी लावून गेले ते चांगलंच केलं भाऊ. पन तुमी गेल्यावर त्याच्याकडं पाहाचं कोनं, हे ठरलंच नोतं."

बीएआरसीच्या त्या नेहमीच्या भोकाबद्दल मी वीस वर्षं जे काही वाचत होतो, मित्रांना सांगत होतो, ते सगळं या एका वाक्यात आलं होतं. भोकं नेहमीचीच असतात. १९८८ची तशी, १९९८ची तशी, २०१९चीही तशीच. ठिगळही बहुतेक वेळा आधी तयार असतं, फुकट असतं, एका फ्लॉपीत मावणारं असतं. नसतं ते एवढंच, की कोणाच्या तरी नावापुढे ते काम लिहिलेलं.

नंतर संस्थेची ई-मेल आम्ही बाहेरच्या मोठ्या सेवेकडे हलवली. ज्यांचं पोट त्या कामावर आहे त्यांनीच ते करावं, हे मला आता पटलंय. पण परीक्षेच्या निकालांचा एक छोटा सर्व्हर अजून तिथे आहे. त्याच्यासाठी काकांनी रजिस्टरात लाल शाईने एक नवं पान आखलं होतं. तारीख, काय बदललं, कोणी बदललं, सही. काका आता निवृत्त झालेत. त्यांच्या जागी आलेली ताई दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी अपडेट करते आणि त्या पानाचा फोटो मला पाठवते. मीही उत्तरादाखल माझ्या स्वतःच्या सर्व्हरच्या वहीचा फोटो पाठवतो. हो, आता मीही वही ठेवतो.

आज पहिला शनिवार. फोटो सकाळीच आलाय. माझी नोंद अजून व्हायची आहे, तेव्हा लिहिणं इथेच थांबवतो.